गाठ किती कठीण? बोटांच्या जोडीला आता यंत्राची मोजणी

वांगे जून आहे की कोवळे, हे आपल्या घरातली बाई सुरीने कापून पाहत नाही. हातात घेते, अंगठ्याने जरा दाबते आणि भरताला चालेल की नाही ते सांगते. केळीचा घड उतरविण्याजोगा झाला का, कापसाचे बोंड आतून भरले का, भाकरीचे पीठ पुरते मळून झाले का, हे सारे बोटांना कळते. वरून सारखी दिसणारी वस्तू आतून मऊ आहे की कठीण, हे ओळखण्याची ही विद्या खानदेशातील प्रत्येक घरात आहे. वैद्यकशास्त्रातही ती फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुताने ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन केले आहे. आजही छातीतील गाठ तपासताना डॉक्टर पहिली परीक्षा करतात ती बोटांनीच.

बोटांना कळलेला हा कठीणपणा आकड्यात मोजता आला तर? दोन डॉक्टरांची दोन मते होण्याऐवजी यंत्राने तो सांगितला तर? गेल्या तीसपस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी हे साध्य केले आहे. सोनोग्राफीच्या यंत्रातच आता गाठीचा ताठरपणा मोजण्याची सोय होऊ लागली आहे आणि त्यातील बरेचसे काम यंत्र आपले आपण करू लागले आहे. हा विषय शहरातल्या मोठ्या इस्पितळांचा वाटेल. पण ज्या घरात आई, बहीण, सून, मुलगी आहे त्या प्रत्येक घराचा तो आहे.

दुखत नाही, म्हणून राहून जाते

स्तनाचा कर्करोग हा आज भारतातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो लहान वयात दिसतो. म्हणजे मुले अजून शाळेत आहेत, शेताचे आणि घराचे ओझे अंगावर आहे, अशा वयातल्या बाईला तो गाठतो.

रोग लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. अडचण ही की सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. काटा टोचला तर बाई ओरडते, पण न दुखणाऱ्या गाठीचे कोणाला सांगायचे? त्यातून जागा अशी की नवऱ्याजवळही बोलायचा संकोच. मग ‘कापूस वेचून होऊ दे’, ‘पोरीचे लग्न उरकू दे’, ‘दूध साकळले असेल’ असे म्हणत महिने जातात. गाठ मात्र कोणत्याही हंगामासाठी थांबत नाही.

बोटांची ताकद किती, हे मुंबईत मोजले गेले

नुसत्या बोटांच्या तपासणीने जीव वाचतात काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली तेथील वस्त्यांमध्ये हा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा हे त्याचे एक प्रमुख. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. वीस गट पाडण्यात आले. दहा गटांतील स्त्रियांची छाती दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी हाताने तपासली. उरलेल्या दहा गटांना आरोग्याची माहिती देण्यात आली. त्यानंतरही या स्त्रियांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवण्यात आले.

याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटांत रोग बळावलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शंभरात ३७ होते, तर दुसऱ्या गटांत ते ४७ होते. पन्नास वर्षे व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा ठोस फायदा दिसला नाही. सारांश असा की तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, हाताशी महागडे यंत्र नव्हते, तरी नीट शिकलेल्या बोटांनी पुष्कळ स्त्रियांना वेळेत दवाखान्यात आणले.

पण बोटांनाही मर्यादा आहेत. गाठ लहान असली, खोल असली किंवा तरुण वयातली छाती मुळातच घट्ट असली, तर बोटे चुकतात. एका सेविकेला जी गाठ लागते ती दुसरीला लागत नाही. आणि गाठ लागली तरी ती साधी की वाईट, हे बोटे खात्रीने सांगू शकत नाहीत.

सोनोग्राफीला दिसते, पण लागत नाही

म्हणून पुढची पायरी सोनोग्राफीची. आपल्या कानांना ऐकू येणार नाही असा बारीक आवाज यंत्र शरीरात सोडते. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो, तसा तो आवाज आतल्या भागांवर आपटून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. पाण्याने भरलेली गाठ आणि मांसल गाठ यांतला फरक सोनोग्राफी उत्तम दाखविते.

परंतु एक अडचण आहे. हा आवाज शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला साधारण १,५४० मीटर वेगाने जातो आणि चरबी असो, दुधाच्या ग्रंथी असोत की गाठ, त्या वेगात फारसा फरक पडत नाही. कठीणपणात मात्र कितीतरी पटींचा फरक असतो. त्यामुळे बोटाला दगडासारखी लागणारी गाठ चित्रात कधीकधी शेजारच्या भागासारखीच दिसते. थोडक्यात, सोनोग्राफीला डोळे होते, बोटे नव्हती.

ती बोटे देण्याचे काम अमेरिकेत ह्यूस्टन येथील जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी १९९१ साली ‘इलॅस्टोग्राफी’ नावाची पद्धत मांडली. नाव अवघड आहे, युक्ती सोपी आहे. गोधडीत चिंध्यांच्या घडीत एखादा खडा राहिला आहे असे समजा. गोधडी वरून दाबली की चिंध्या चेपतात, खडा चेपत नाही. त्याचप्रमाणे सोनोग्राफीचा एक फोटो आधी घ्यायचा, मग छाती हलकेच दाबून दुसरा घ्यायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. जो भाग चेपला तो मऊ, जो चेपला नाही तो कठीण. यंत्र मऊ आणि कठीण भागांना वेगवेगळे रंग देते आणि डॉक्टरला जणू आतला नकाशाच मिळतो.

तळ्यातल्या तरंगांची युक्ती

या पहिल्या पद्धतीत दाबणारा हात माणसाचा. कोणी हलके दाबी, कोणी जोरात. जास्त दाबले तर मऊ भागही घट्ट भासतो. शिवाय ‘शेजारच्या चरबीपेक्षा गाठ इतक्या पटीने कठीण’ एवढेच कळे, खरा आकडा मिळत नसे.

यावर दुसरी युक्ती निघाली. आर्मेन सार्वाझ्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ती मांडली आणि पुढे पॅरिस येथील मातियास फिंक यांच्या गटाने ती फार पुढे नेली. या पद्धतीत दाबायचे काम हात करीत नाही, आवाजच करतो. यंत्र आवाजाचा एक जोरकस झोत आत एका जागी सोडते. त्या धक्क्याने तिथला भाग केसाच्याही अंशाने हलतो आणि तळ्यात खडा टाकल्यावर जसे तरंग उठतात तसे तरंग आजूबाजूला पसरतात. हे तरंग फार सावकाश चालतात, सेकंदाला एक ते दहा मीटर इतकेच. मऊ भागात ते रेंगाळतात, कठीण भागात धावतात. सेकंदाला हजारो चित्रे घेणारे यंत्र त्या तरंगांचा वेग टिपते.

वेग कळला की कठीणपणा गणिताने निघतो. वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला तिनाने गुणायचे. येणारा आकडा ‘किलोपास्कल’ या मापात असतो. तरंग सेकंदाला ३ मीटर चालला तर कठीणपणा २७, ५ मीटर चालला तर ७५ आणि ७ मीटर चालला तर १४७. वेगात थोडा फरक पडला तरी कठीणपणाच्या आकड्यात केवढा फरक पडतो ते पाहा. म्हणूनच हे माप उपयोगी पडते.

अमेरिका आणि युरोपातील इस्पितळांनी मिळून ९३९ गाठींवर केलेला एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की नुसत्या सोनोग्राफीने शंभर निरुपद्रवी गाठींपैकी सुमारे ६१ गाठी ‘सुई लावायची गरज नाही’ अशा योग्य गटात पडत होत्या. कठीणपणाची मोजणी जोडल्यावर ती संख्या ७८ पर्यंत गेली. वाईट गाठी ओळखण्यात मात्र उणेपणा आला नाही. म्हणजे कित्येक बायांची विनाकारण सुई आणि विनाकारण काळजी टळू शकते. ज्या बाईला जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे, तिच्या दृष्टीने ही बचत लहान नाही.

यंत्र आपले आपण काय करते?

तरंग टिपले तरी माणसाच्या हाती काही कामे उरतात. गाठीची कड नेमकी कुठे, मोजायचे कोठे आणि तुलनेसाठी चरबीचा कोणता तुकडा घ्यायचा, हे डॉक्टरला ठरवावे लागते. इथेच दोघांचे दोन आकडे येतात. एकाने गाठीच्या मधोमध मोजले, दुसऱ्याने कडेला मोजले, की निकाल बदलला. कर्करोगाच्या गाठीत तर पुष्कळदा सर्वांत कठीण भाग तिच्या कडेला असतो.

म्हणून आता ही कामेही संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न चालले आहेत. हजारो जुन्या तपासण्यांची चित्रे संगणकाला दाखवून त्याला शिकविले जाते. मग तो गाठीभोवती स्वतः रेघ आखतो, सर्वांत कठीण जागा शोधतो, शेजारचा मऊ भाग निवडतो आणि दोन्हींचे प्रमाण मांडतो. चित्र हलले असेल किंवा दाब जास्त पडला असेल, तर ‘पुन्हा घ्या’ असे सुचविणाऱ्या सोयीही तयार होत आहेत. मंडईत मापाडी बदलला तरी काटा तोच असला म्हणजे शेतकऱ्याला विश्वास वाटतो. तसाच विश्वास दोन गावच्या दोन डॉक्टरांच्या तपासणीत यावा, हा या खटाटोपाचा हेतू आहे.

काटा चांगला, पण काट्यावर सर्वस्व सोपवू नये

मात्र यंत्र म्हणजे देव नव्हे. कर्करोगाच्या काही गाठी मऊ असतात. उदाहरणार्थ, आत बुळबुळीत द्रव असलेला एक प्रकार. उलट जुन्या साध्या गाठीत चुना साठला किंवा मार लागून वण राहिला, तर निरुपद्रवी गाठही कठीण लागते. गाठ फार खोल असेल तर तरंग तिथवर नीट पोहोचत नाहीत. निव्वळ पाण्याच्या गाठीतून तर हे तरंग जातच नाहीत. संगणक ज्या स्त्रियांच्या चित्रांवर शिकला त्या परदेशातल्या असतील, तर आपल्याकडच्या बायांवर तो तितकाच बरोबर ठरेल, असेही गृहीत धरता येत नाही. इथल्या रुग्णांवर पारख झाल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

म्हणून शेवटचा शब्द आजही सुईच्या तपासणीचाच आहे. गाठीतला बारीकसा तुकडा सुईने काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ अशी समजूत गावोगाव आहे, पण या भीतीला आधार नाही. पसरतो तो वेळ घालविल्याने.

खानदेशात हे यंत्र गावोगाव का फिरत नाही?

कोणी विचारील, सोनोग्राफीचे यंत्र आता पिशवीत मावण्याइतके लहान झाले आहे, मग आशाताई ते घेऊन घरोघरी का येत नाही? याचे कारण आपल्याच समाजाच्या चुकीत आहे. हेच यंत्र गर्भातील मूल मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी वापरले गेले आणि कित्येक मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. महाराष्ट्राने या प्रकाराविरुद्ध १९८८ साली कायदा केला, देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि पुढे तो अधिक कडक झाला. सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी करावी लागते, ते कोठे ठेवायचे आणि कोणी चालवायचे हेही ठरलेले असते. २०११ च्या जनगणनेत मुलींचे प्रमाण चिंताजनक दिसलेल्या जिल्ह्यांत आपला जळगावही होता. तेव्हा हे निर्बंध अनाठायी नाहीत. जे यंत्र आईचा जीव वाचवू शकते तेच लेकीच्या जिवावर उठविले गेले, म्हणून ते दारात येऊ शकत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

यातून एक वेगळी वाट निघाली आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात शोधलेल्या दाब ओळखणाऱ्या पट्ट्या वापरून मिहिर शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आयब्रेस्ट एक्झाम’ नावाचे हातात धरायचे उपकरण तयार केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली त्याला मान्यता दिली आणि भारतातही त्याचा वापर झाला आहे. हे उपकरण सोनोग्राफी नव्हे. त्याला पोटातले मूल दिसू शकत नाही. त्याच्या तळाच्या पट्ट्या त्वचेला हलकेच दाबून कठीण जागा ओळखतात. त्यात किरण नाहीत आणि शिकलेली आरोग्य सेविका ते चालवू शकते. मात्र त्याने गाठ दाखविली तरी पुढची तपासणी दवाखान्यातच करावी लागते आणि त्याने काही दाखविले नाही म्हणून अंगावरच्या खुणांकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

आज आपण काय करायचे?

ताठरपणा मोजणारे यंत्र आपल्या तालुक्यात यायची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ते यंत्र पुढच्या पायरीवरचे आहे. पहिली पायरी आपल्या हाती आहे.

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतर थोड्या दिवसांनी, आंघोळीच्या वेळी छाती न्याहाळावी. पाळी गेलेल्या बाईने महिन्याची एक तारीख ठरवावी. बोटांच्या टोकांनी नव्हे, तर बोटे सपाट ठेवून सगळा भाग व काखही हळू चाचपावी. गाठ लागणे, बोंडी आत ओढली जाणे, बोंडीतून रक्त किंवा पाणी येणे, त्वचेला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, काखेत गाठ येणे, यांपैकी काहीही दिसले तर आठवड्याच्या आत डॉक्टरकडे जावे. गाठ निघाली म्हणजे कर्करोगच, असे नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी कोणती हे ठरविण्याचे काम आपले, शेजारणीचे किंवा भगताचे नव्हे. गाठीवर शेक, लेप आणि चोळणे यांत दिवस घालवू नयेत.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस वर्षांपुढील स्त्रियांची छाती, तोंड आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत व्हावयाची आहे. आशाताई नाव लिहायला आली तर तिला टाळू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रावर जाऊन तपासणी मागावी. पुढच्या तपासणीसाठी धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. मुंबईला परळ येथे १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय आहे आणि जळगाव-भुसावळकडून दादरला जाणाऱ्या गाड्यांनी तिथे पोहोचता येते. कर्करोगाच्या पुष्कळ उपचारांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश आहे. तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटावे.

सोनोग्राफी करताना डॉक्टरांना हे विचारायला लाजू नये: गाठ पाण्याची की मांसाची? कठीणपणा मोजण्याची सोय इथे आहे काय? सुईची तपासणी लागेल काय? लागणार नसेल तर पुन्हा केव्हा दाखवायचे? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि सगळे जुने कागद एका पिशवीत जपून ठेवावेत.

आता दोन शब्द घरातल्या पुरुषांना. बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण दुसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर गाठतो. घरच्या बाईने ‘मला इथे काहीतरी लागते’ म्हटले तर तिला तेवढीच घाई का मिळू नये? सासूबाईंनी सुनेला आणि जावेने जावेला हे उघड विचारावे. विचारणारे कोणी असले की सांगणारीला धीर येतो. आणि हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कठीणपणा मोजणारी यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत जातील आणि आज ना उद्या आपल्या जिल्ह्यातही सर्रास दिसतील. पण कोणतेही यंत्र घरात शिरून लपविलेली गाठ शोधणार नाही. बाईने ती सांगायची आहे आणि घराने ती ऐकायची आहे. कापसाची वेचणी चार दिवस पुढे गेली तर नुकसान भरून काढता येते. तपासणी मात्र पुढे ढकलू नये.